तुतारीमागची माणसं : प्रस्तावना

१९४० साली 'प्रभात फिल्म कंपनी'नं 'संत ज्ञानेश्वर' हा बोलपट काढला, तेव्हा ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांनी केली. मोडक नगरचे. २५ एप्रिल १९१८ रोजी इथल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ज्या नेवाशात पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते नेवासेही आपल्याच जिल्ह्यात. आणि चित्रपटाचे दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. एक कोकणस्थ ब्राह्मण, एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती यांनी मिळून पडद्यावर ज्ञानेश्वर उभा केला, आणि अवघ्या महाराष्ट्रानं त्याला हात जोडले. प्रभातची थोरवी सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आमचं केडगाव म्हणजे नगरचं पुण्याकडचं तोंड. रेणुकामातेच्या देवळामुळे गावाचं नाव जिल्ह्याला ठाऊक आहे, आणि पुण्याला जाणारी प्रत्येक एसटी आमच्या दारावरून जाते. त्या रस्त्यानं सुमारे १२० किलोमीटर गेलं की पुणं, आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्याला प्रभातचा स्टुडिओ. इमारती अजून उभ्या आहेत, फाटकावरची पाटी मात्र आता फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटची आहे. नगरहून शिकायला, नोकरीला, दवाखान्यात गेलेली किती माणसं 'प्रभात रोड' या नावाच्या रस्त्यावरून रोज ये-जा करतात! त्यातल्या तरुणांना हे नाव एका चित्रपट कंपनीचं आहे हे सांगावं लागतं. पुढच्या पानांत प्रभातच्या निवडक चित्रपटांची ओळख आहे. ती वाचण्याआधी कंपनी काय होती, कशी चालली आणि तिचं पुढे काय झालं, एवढं सांगणं हे या प्रस्तावनेचं काम.

प्रभातचं मूळ कोल्हापुरात आहे, आणि कोल्हापुरातही बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली. बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव मेस्त्री, मूळचे चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत सिनेमाचा कॅमेरा स्वतःच तयार करायला बसला. आनंदराव मध्येच वारले, तरी बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला आणि त्याच्या जोरावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्या कंपनीत चार मुलं तयार झाली: दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम वणकुद्रे. शांताराम त्याआधी हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम करत होते, तिथल्या डेक्कन सिनेमात दारावर उभे राहत होते. कोणीच कॉलेजात जाऊन सिनेमा शिकलेलं नव्हतं. पडदे रंगवणं, लाकूड तासणं, फिल्म धुणं, पडेल ती भूमिका करणं, सगळं हातानं करत करतच ते शिकले.

१ जून १९२९ रोजी या चौघांनी सीतारामपंत कुलकर्णी या कोल्हापुरातल्या सराफांना भागीदार करून घेतलं आणि प्रभात सुरू केली. भांडवल सराफाचं, कसब चौघांचं. सुरुवातीला मूकपट. 'उदयकाल'मध्ये शांतारामबापूंनी स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली. या चित्रपटाचं आधी ठरलेलं नाव 'स्वराज्याचं तोरण' होतं. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला त्या नावातला 'स्वराज्य' हा शब्द खपला नाही. पुढे 'महात्मा'चाही असाच 'धर्मात्मा' झाला. एकनाथांवरच्या त्या १९३५ च्या बोलपटात बालगंधर्वांनी भूमिका केली होती, पण १९३५ मध्ये 'महात्मा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकनाथ येणार नाहीत, हे सरकारला पक्कं कळत होतं.

१९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. लगेच १९३२ मध्ये प्रभातनं 'अयोध्येचा राजा' काढला. पहिला मराठी बोलपट म्हणून तोच ओळखला जातो, आणि तो हिंदीतही निघाला. कथा हरिश्चंद्राची. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांनी याच कथेवर पहिला मूकपट केला होता, तेव्हा तारामतीची भूमिका करायला बाई मिळाली नाही म्हणून साळुंके नावाच्या पुरुषानं ती केली. एकोणीस वर्षांनी प्रभातची तारामती झाल्या दुर्गा खोटे, मुंबईच्या एका प्रतिष्ठित घरातल्या शिकलेल्या बाई. या एकोणीस वर्षांत मराठी समाज किती चालला याचं माप हवं असेल, तर या दोन तारामती शेजारी शेजारी उभ्या कराव्यात.

१९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली, आणि इथून तिच्या खऱ्या वैभवाचा काळ सुरू होतो. एरंडवण्याच्या मोकळ्या माळावर मोठमोठे स्टुडिओ उठले. फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, ध्वनिमुद्रण, सुतारकाम, रंगकाम, कपडेपट, सगळं एकाच आवारात. कामगार, नट, गायक, लेखक सगळे महिन्याच्या पगारावर. पहाटे सेट लावणारा सुतार आणि दुपारी त्या सेटवर उभी राहणारी नायिका एकाच हजेरीपटावर. मालकांनी कामं वाटून घेतली होती: दामले ध्वनिमुद्रणाकडे, फत्तेलाल कलेकडे, धायबर कॅमेऱ्याकडे, शांताराम दिग्दर्शनाकडे, कुलकर्णी हिशेबाकडे. आवारात त्यांना दामलेमामा, साहेबमामा अशा घरच्या नावांनी हाका मारत. साहेबमामा म्हणजे फत्तेलाल.

चित्रपटसृष्टीचा इतिहास लिहिणारे प्रभातबद्दल लिहिताना बहुधा शांतारामबापूंपासून सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात. त्यांची प्रतिभा कोण नाकारेल? पण प्रभात ही कारागिरांची कंपनी होती, आणि तिचं मोठेपण त्या कारागिरीतून आलं, हे मला ठासून सांगायचं आहे. पडद्यावर प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी ती बाई दिसली की सिनेमागृहात शांतता पसरे, कारण पुढचे दोन-अडीच तास एकाही चौकटीत हलगर्जी दिसणार नाही, असा लोकांचा भरवसा होता. भिंतीवरची सावली कुठं पडते, भांड्यांना पोचे आहेत का, धोतर कोणत्या पद्धतीनं नेसलं आहे, इथपर्यंत.

प्रयोग करताना प्रभात चुकलीही. 'सैरंध्री'त रंग आणण्यासाठी शांतारामबापू जर्मनीला गेले. रंग काही जमले नाहीत, पण जर्मन चित्रपटांतला उजेड-अंधाराचा खेळ ते डोळ्यांत भरून घेऊन परतले. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूच्या भूमिकेतले चंद्रमोहन यांचा डोळा टेलिफोटो भिंगातून सगळा पडदा व्यापून टाकतो. त्या डोळ्यातली धर्मांधता आजही अंगावर येते.

माझ्या मते प्रभातचं सर्वोत्तम काम म्हणजे १९३६ चा 'संत तुकाराम'. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचं, पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचं. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस, जे एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत असत. तुकारामांच्या बायकोची, आवलीची भूमिका गौरी यांनी केली. प्रभातमध्ये किरकोळ कामं करत करत त्या पुढे आलेल्या.

या चित्रपटात चमत्कार आहेत, इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या आहेत, शेवटी गरुडाचं विमानही आहे. पण चित्रपट लक्षात राहतो तो आवलीमुळे. घरात दाणा नाही, पोरगं आजारी, नवरा भजनात. ही बाई पोराला बखोटीला धरते, पायातली वहाण हातात घेते आणि देवळात जाऊन विठोबाला जाब विचारायला उभी राहते. तिच्या रागात भक्तीच्या विरोधातलं काही नाही, उलट देव आपल्या घरचाच आहे ही पक्की खात्री आहे. गौरी यांचा आवाज, त्यांचं धापा टाकणं, पदर खोचणं, यात अभिनय कुठं संपतो आणि माणूस कुठं सुरू होतो ते कळत नाही. आणि मग शेवट. तुकाराम वैकुंठाला निघतात, आवलीलाही बोलावतात, आणि ती मागे राहते. पोरं आहेत, गोठ्यात म्हैस आहे, संसार आहे. विमान वर जातं आणि कॅमेरा खाली उरलेल्या बाईकडे बघतो. संतपटाच्या शेवटी देवलोकाऐवजी घरातल्या बाईची बाजू दाखवणं हे धाडस १९३६ मध्ये दामलेमामा आणि साहेबमामांनी केलं.

या चित्रपटात शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक पद आहे. ते इतकं अस्सल उतरलं की लोक तो तुकारामांचाच अभंग समजू लागले, आणि आजही अनेक भजनी मंडळं तो त्याच समजुतीनं म्हणतात. मुंबईत सेंट्रल सिनेमात 'संत तुकाराम' वर्षभराहून अधिक चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास नोंद घेतली गेली. पण मला अधिक मोठी वाटते ती त्याची गावोगावची फेरी. टुरिंग टॉकीजच्या तंबूत, जत्रेच्या गर्दीत, जमिनीवर बसून हा चित्रपट पाहिलेल्या पिढ्या आहेत. तंबूत शिरताना वहाणा बाहेर काढणारे प्रेक्षक होते, पागनीस दिसले की पाया पडणारे होते.

त्याच कंपनीनं दुसऱ्याच वर्षी 'कुंकू' काढला, ही मला प्रभातची दुसरी मोठी गोष्ट वाटते. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट जरठकुमारी विवाहाविषयी आहे. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब, दोघंही विलक्षण. इथं पार्श्वसंगीत मुळीच नाही. घरात, रस्त्यावर जे आवाज ऐकू येतील तेवढेच. नीरा गाते तीही ग्रामोफोनच्या तबकडीसोबत. गाण्यांनी ओसंडणाऱ्या बोलपटांच्या त्या काळात ध्वनीचा असा संयम सुचणं हे ध्वनिमुद्रण उत्तम जाणणाऱ्या कंपनीलाच शक्य होतं. काकासाहेबांच्या समाजसेविका मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. संततिनियमनासाठी आयुष्यभर झटलेल्या या बाई प्रत्यक्षातही तशाच होत्या. त्यांची कन्या सई परांजपे पुढे दूरदर्शन आणि चित्रपट या दोन्हींत नावाजली.

१९३९ चा 'माणूस' आणि १९४१ चा 'शेजारी' मी इथं धावते सांगतो, कारण पुढे त्यांवर स्वतंत्र लेख आहेत. 'माणूस'मध्ये आपले शाहू मोडक पोलीस शिपाई गणपत झाले, आणि शांता हुबळीकर मैना. कृष्णाच्या भूमिकांसाठी घरोघर ओळखल्या जाणाऱ्या नटाला वेश्येवर जीव जडलेल्या शिपायाची भूमिका देणं हे दिग्दर्शकाचं धैर्य, आणि ती तितक्याच साधेपणानं करणं हे मोडकांचं. 'शेजारी'त एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा, जिवाभावाचे मित्र, धरणाच्या राजकारणानं दुरावतात. मराठीत हिंदू झाले केशवराव दाते आणि मुसलमान झाले गजानन जागीरदार. हिंदी 'पडोसी'त जागीरदार मुसलमानच राहिले आणि हिंदूची भूमिका मझहर खान यांनी केली. पाकिस्तानचा ठराव होऊन वर्षही उलटलं नव्हतं, अशा वेळी हा चित्रपट आला.

प्रभातचं कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. १९३९ मध्ये 'कुंकू'तल्या याच शांता आपटे पगार आणि कराराच्या वादातून कंपनीच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यात माणसांची पिळवणूक कशी होते ते मांडलं. महिन्याच्या पगाराची सुरक्षितता होती, तशी करारांची वेसणही होती. कुटुंबासारखी चालणारी कंपनी कुटुंबासारखीच कडकही होते. आपटे यांचं ते पुस्तक प्रभातच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि ते बाजूला ठेवून लिहिलेला इतिहास अर्धाच राहील.

उतरती कळा लवकर लागली. भागीदारांत बेबनाव झाला. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले आणि त्यांनी परळला 'राजकमल कलामंदिर' उभारलं. त्यातून पुढे 'शकुंतला', 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'दो आँखें बारह हाथ' हे चित्रपट आले. इकडे महायुद्धानं कच्च्या फिल्मची टंचाई झाली आणि सरकारनं चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधून टाकली. युद्धात कमावलेला पैसा मुंबईत सिनेमात ओतला जाऊ लागला. नट पगार सोडून चित्रपटागणिक पैसे घेऊ लागले. शेकडो माणसांना दरमहा पगार देणाऱ्या कंपनीला या बाजारात टिकणं अवघड होतं. कलकत्त्याचं न्यू थिएटर्स, मुंबईचं बॉम्बे टॉकीज, दोघांचंही थोड्याफार फरकानं हेच झालं. १९४४ मध्ये 'रामशास्त्री'नं प्रभातचा जुना कस पुन्हा दाखवला. १९४५ मध्ये दामलेमामा गेले. १९४६ च्या 'हम एक हैं'मधून देव आनंद पडद्यावर आले आणि त्याच आवारात त्यांची गुरुदत्तशी मैत्री जुळली. पण कंपनीला त्याचा लाभ झाला नाही. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रभातला टाळं लागलं.

कंपनी बंद झाली तरी तिथं शिकलेले हात थांबले नाहीत. वसंत देसाई प्रभातमध्ये हरकाम्या म्हणून आले, तिथंच संगीत शिकले आणि 'राजकमल'चे संगीतकार झाले. अनंत माने प्रभातच्या तालमीतून आले. त्यांचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला, आणि तमाशापटाची वाट त्यानं रुंद केली. जत्रेतल्या तंबूत प्रभातचे संतपट जसे पाहिले गेले, तसेच पुढे मान्यांचे तमाशापटही.

सरकारनं ती जागा घेऊन १९६० मध्ये तिथं फिल्म इन्स्टिट्यूट काढली हा मराठी माणसाच्या भाग्याचा भाग. तो पसारा एखाद्या गोदामवाल्याच्या हाती गेला असता तर आज काय उरलं असतं? १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी देशभर हिंडून रिळं जमवली. ऋत्विक घटक साठीच्या दशकात इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. मणी कौल, अडूर गोपालकृष्णन, जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी इथं शिकले, आणि पुढच्या काळात 'वळू'वाले उमेश कुलकर्णीही. १९७४ मध्ये दूरदर्शनचं प्रशिक्षण दिल्लीहून याच आवारात आलं. १९८६ चं 'नुक्कड' ज्यांनी केलं ते कुंदन शाह आणि सईद मिर्झा याच शाळेचे. चौकातल्या साध्या माणसांना आठवड्याच्या आठवड्याला घरात आणून बसवणारी ती मालिका पाहताना मला तिच्यात 'माणूस' आणि 'शेजारी'चा वारसा दिसतो. दामलेमामांच्या पिढीनं पगारी कामगार म्हणून जे शिकवलं, तेच त्याच छपराखाली पुढच्या पिढ्या विद्यार्थी म्हणून शिकल्या.

नगरचा धागाही तुटलेला नाही. सदाशिव अमरापूरकर आपल्या नगरचे. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले, आणि 'पिस्तुल्या' हा त्यांचा लघुपट त्याच काळात घडला. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतर आले. आज केडगावातली पोरं मोबाइलवर लघुपट करतात, शेतात ड्रोन उडवतात. त्यांच्यासाठी हे पुस्तक खास. साधनं त्यांच्याकडे प्रभातहून कितीतरी सरस आहेत. उजेड कुठून यावा, माणसानं कुठं गप्प बसावं, मागं कोणता आवाज असावा, याचा विचार मात्र 'कुंकू'त जितका झाला आहे तितका अजूनही क्वचित दिसतो.

शेवटी जपणुकीविषयी. प्रभातची जुनी फिल्म नायट्रेटची होती, म्हणजे ठिणगीलाही पेट घेणारी. २००३ मध्ये पुण्यातल्या कोठारात आग लागली आणि कितीतरी मूळ रिळं जळाली. आज जे चित्रपट पाहता येतात ते प्रतींमुळे, आणि वेळीच हक्क व रिळं सांभाळणाऱ्या दामले कुटुंबीयांसारख्या लोकांमुळे. पण प्रभातचा इतिहास केवळ रिळांत नाही. सिनेमागृहाबाहेर एक-दोन आण्याला मिळणारी गाण्यांची पुस्तकं, जाहिरातींची चित्रं, तंबूची तिकिटं, जुने फोटो हाही इतिहासच आहे, आणि तो अजून नगर जिल्ह्यातल्या माळ्यांवर, ट्रंकांत पडून असेल. घर पाडताना, वाटणी करताना असं काही हाती आलं तर ते रद्दीत घालू नका. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात नेऊन द्या, आणि देण्यापूर्वी ते कुणाचं, कुठल्या गावचं, कुठल्या जत्रेतलं, हे मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा.